इतिवृत्तातली दुरुस्ती

प्रिय धाकट्या,

तुझी तिन्ही पत्रं पोचली. तिन्ही वाचली आणि एकाचंही उत्तर दिलं नाही. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. तब्येत बरी आहे. डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. थेट आपल्या आत्यासारखा, काम सांगितलं की तक्रार. तुझी पत्रं माझ्याकडे उघडलेली येतात, कोपऱ्यात कुणाची तरी आखूड सही असते. म्हणजे हेही तुझ्याआधी ते साहेब वाचणार. त्यांना माझा नमस्कार. अक्षर लागलं नाही तर तुला विचारून घ्यावं म्हणावं. चौतीस वर्षं कोर्टात लघुलिपी लिहून माझं साधं अक्षरसुद्धा अंग चोरून बसतं.

मी राहते ती गल्ली तू पाहिलेली नाहीस. खाली लाँड्री, वर वाचनालय, समोर दातांचे डॉक्टर, शेजारी एक शिंपीणबाई, आणि तिच्या भिंतीला लागून माझ्या दोन खोल्या. इथे येऊन तीन वर्षं होतील. आल्या आल्या लोकांनी विचारलं, मागेपुढे कोण? मी म्हणाले, एक धाकटा भाऊ. तो कुठे असतो? आता इतक्या वर्षांत मी दुसऱ्याचं खोटं टाइप केलं असेल, पण स्वतःचं बोलायची सवय नव्हती. तोंडातून निघून गेलं, बाहेर असतो. त्यांनी त्याचा अर्थ परदेशात असा घेतला आणि मी तो घेऊ दिला. पुढचं सगळं मग खरंच बोलत गेले. खाण्यापिण्याचं कसं? वेळेवर मिळतं. तिकडे शिस्त फार ना? फार. भेटायला येत नाही कधी? करार पाच वर्षांचा आहे, मधे सोडत नाहीत. शिंपीणबाई म्हणाली, चांगली कंपनी दिसते, माणूस सोडवत नाही त्यांना. मी हो म्हणाले.

आता बातमी. वाचनालयात दरवर्षी एक वादसभा भरते. मागच्या वर्षीचा विषय होता चहा श्रेष्ठ की कॉफी, आणि त्यावरून दोन घरांतलं जाणंयेणं बंद झालं. यंदा फळ्यावर विषय आला: बाहेरून आलेल्यांमुळे गुन्हे वाढतात काय, आणि गुन्हेगारांना अधिक कडक शिक्षा असाव्यात काय. त्याचं कारण कोपऱ्यावरची इमारत. कित्येक वर्षं कुलूपबंद होती, तिथे यंदा अकरा कुटुंबं राहायला आली. लांबून आलेली, भाषा वेगळी. कुणी फरशा बसवतं, कुणी इस्पितळात रुग्ण उचलतं, कुणी लिफ्ट दुरुस्त करतं. ती माणसं दोरीवर सदरे उलटे, खालच्या कडेला चिमटे लावून वाळत घालतात. एवढ्यावर गल्लीत महिनाभर चर्चा झाली. शेवटी शिंपीणबाईने निकाल दिला की तसंच बरोबर आहे, त्याने खांद्यावर चिमट्याची खूण राहत नाही. पण तोवर मनं कलुषित व्हायची ती झाली होती.

इतिवृत्त लिहायला अर्थात मी. वाचनालयाचे चिटणीस म्हणतात, ताई जे बोललं तेच लिहितात, बोलायला हवं होतं ते लिहीत नाहीत. एकतीस माणसं जमली. मी पहिल्या रांगेत वही उघडून बसले, तर शेजारच्या खुर्चीवर त्या अकरा कुटुंबांपैकी एक जण येऊन बसला, तो लिफ्टवाला. धुतलेला सदरा, भांग पाडलेला, मांडीवर वही. फळ्यावर खाली लिहिलं होतं, सर्वांना आग्रहाचे निमंत्रण. त्याने ते अक्षरशः घेतलं होतं. हळूच म्हणाला, मी भाषा शिकतो, इथे चांगली भाषा ऐकायला मिळेल म्हणून आलो. आपण गुन्हेगार आहोत की नाही हे ठरवायला जमलेल्या सभेत हा माणूस शब्द गोळा करायला आला होता. दोन्ही बाजूंच्या भाषणांना टाळ्या वाजवत होता. नवा शब्द आला की वही माझ्याकडे सरकवायचा. ‘उपद्रव’ म्हणजे काय? मी लिहून दिलं, त्रास. ‘लोंढा’? मी लिहून दिलं, पुष्कळ पाणी. त्याने मान डोलावली आणि पाण्याचं चित्र काढलं.

अनुकूल बाजूने दातांचे डॉक्टर. गोरेगोमटे, आवाज मोठा, कारण रोज ज्यांच्याशी बोलतात त्यांना उलट बोलता येत नाही. म्हणाले, गुन्हेगारी ही कीड आहे, किडका दात भरत बसायचा नसतो, मुळासकट उपटायचा असतो. प्रतिकूल बाजूने गणिताचे निवृत्त मास्तर. ते बसल्या जागेवरून म्हणाले, तुम्ही माझा उपटलात तो चांगला होता. मी दोन्ही वाक्यं लिहून घेतली. मग डॉक्टरांनी आकडा काढला. पोलीस चौकीत आपल्या गल्लीच्या तक्रारी मागच्या वर्षी चार होत्या, यंदा नऊ आहेत, दुपटीहून अधिक. हॉलमध्ये कुजबुज झाली. मास्तर उठले. त्यांनी चौकीत जाऊन नऊच्या नऊ तक्रारी उतरवून आणल्या होत्या. त्यातल्या सहा खुद्द डॉक्टरांनी केलेल्या. एक, वरच्यांच्या ओल्या कपड्यांचं पाणी दवाखान्याच्या पाटीवर पडतं. दोन, एक रोगी भुलीचं इंजेक्शन घेऊन दात न काढताच पळाला. उरलेल्या चारही मांजरावर. बाकी तीन तक्रारींत शिंपीणबाईची कात्री, जी पुढे तिच्याच नणंदेकडे सापडली. एक सायकल, जी चिटणीसांच्या पुतण्याने नेली होती. आणि दोन कुंड्या, ज्या वाऱ्याने पडल्या. डॉक्टर म्हणाले, तक्रारी नाहीत म्हणून गुन्हे नाहीत असं होत नाही. मास्तर म्हणाले, मग तक्रारी आहेत म्हणून गुन्हे आहेत असंही होत नाही. यावर टाळी पडली. लिफ्टवाल्याने सगळ्यांत जोरात वाजवली आणि मला विचारलं, मांजर कुठून आलं होतं?

मग शिक्षांचा भाग सुरू झाला. डॉक्टरांनी कोष्टक छापून आणलं होतं. पहिली चोरी दोन वर्षं, दुसरी पाच, आणि तिसरीपुढे नुसती रेघ. चिटणीसांनी विचारलं, रेघ म्हणजे काय? डॉक्टर म्हणाले, ते तुम्ही समजून घ्या. त्यांचं म्हणणं, न्यायाधीशाला विचार करायला जागाच ठेवायची नाही; गुन्हा सांगा, कोष्टकात बघा, मोकळे व्हा. मी लिहीत होते, पण मन कोर्टात जाऊन बसलं होतं. मी इतके निकाल टाइप केले, की एकाच तऱ्हेच्या चोरीला सहा महिने आणि ताकीद अशा दोन्ही शिक्षा माझ्या बोटांना माहीत आहेत. आमचे एक साहेब शिक्षा सांगायच्या आधी चष्मा काढून मागच्या बाकाकडे बघायचे. तिथे आरोपीचं कुणी बसलंय का, आई, मावशी, शेजारी, कुणीही. बसलेलं असलं तर त्यांचा आवाज खाली यायचा आणि आकडाही. हे बरोबर की चूक, मी सांगू शकत नाही. ज्याचं कुणी नाही त्याच्यावर तो अन्यायच. पण कोष्टकात मागचा बाक कुठे बसवायचा, हे मला डॉक्टरांना विचारावंसं वाटत होतं. विचारलं नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्याने बोलायचं नसतं.

आणि तेवढ्यात डॉक्टरांनी मलाच मधे ओढलं. म्हणाले, परदेशी जाण्याला माझा विरोध नाही. या आपल्या ताईंचे बंधू बघा, इतकी वर्षं बाहेर आहेत, पण कुणाच्या काडीला हात लावला असेल? संस्कार असतात ते. इथे बसलेल्या एकाच्या तरी घरात गुन्हेगार आहे का? असेल तर हात वर करा. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं. डॉक्टर म्हणाले, लिहा ताई, नाही म्हणून लिहा. आणि मी लिहिलं, ‘उपस्थितांपैकी कोणाच्याही घरात गुन्हेगार नाही.’ पान चार, ओळ अकरा. अरे, कोर्टात साहेबांना शिंक आली तर तेवढी जागा कोरी सोडणारी मी. माझं स्वतःचं, कागदावर उतरलेलं पहिलं खोटं वाक्य ते.

त्यावरही कळस झाला तो पुढे. श्रोत्यांपैकी कुणाला बोलायचंय का, असं चिटणीसांनी विचारलं आणि लिफ्टवाला उभा राहिला. वही उघडून, एकेक शब्द ठेवत म्हणाला, मी बाहेरून आलो. डॉक्टरसाहेब बोलले ते मला पटलं. बाहेरून आलेल्या सगळ्यांना शिक्षा मिळाली पाहिजे. कडक शिक्षा. मला पाहिजे, माझ्या बायकोला पाहिजे, मुलांना तर लहानपणापासून पाहिजे. फक्त संध्याकाळी सातनंतर द्या, कारण मी कामावर असतो. डॉक्टरांचा चेहरा असा झाला, जसा रोग्याने स्वतःहून सगळे दात काढा म्हटल्यावर होईल. चिटणीस घाबरून म्हणाले, सूचना चांगली आहे, विचार करू, आणि सभा संपवून टाकली.

जिन्यात मी त्याला गाठलं आणि शिक्षण वेगळं, शिक्षा वेगळी, हे समजावलं. तो अगदी अपमान झाल्यासारखा थांबला. म्हणाला, परीक्षक परीक्षा घेतो. रक्षक रक्षा करतो. मग शिक्षक काय देतो? मागून उतरणारे मास्तर म्हणाले, आमच्या वेळी दोन्ही द्यायचे. तो हसला नाही. आपण काय मागून बसलो ते आता त्याच्या डोक्यात शिरत होतं. मग खिशातून त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतला राहण्याचा परवाना काढून मला दाखवला, जणू मीच तपासणीला उभी होते. दोन वर्षं रांगा लावून मिळाला म्हणे. आणि धाकट्या, मी तो सवयीने उजेडात धरला. शिक्का वाकडा होता, शाई फुटलेली, कचेरीच्या नावातलं एक अक्षर गायब. म्हणजे खरा. तुझे शिक्के पकडले गेले ते कसे, आठवतं ना? फार स्वच्छ होते. सरकारी शिक्का इतका नीट कधी उमटत नाही, असं त्या तपासनिसाने साक्षीत सांगितलं होतं, आणि अख्खं कोर्ट हसलं होतं, असं मला नंतर कळलं. मी तिथे नव्हते. पण तू शिक्के मारून दिलेल्या परवान्यांवर भरवसा ठेवून आलेली चार घरं बोचकी घेऊन परत गेली, ती हसली नसतील. लिफ्टवाला परवाना घडी घालून ठेवताना त्याची बोटं बघितली आणि पहिल्यांदा मला ती चार घरं डोळ्यांसमोर दिसली. इतके दिवस मला फक्त एकच दिसत होतं, तू माझ्या टेबलावरच्या कागदावरून माझ्याच कोर्टाचा शिक्का उचललास, आणि मला साहेबांसमोर उभं राहून मी त्यात नाही हे सांगावं लागलं. त्यांनी विश्वास ठेवला. म्हणून तर तिथे आणखी राहवलं नाही आणि निवृत्तीला दोन वर्षं असतानाच नोकरी सोडली.

जाता जाता त्याने विचारलं, शिक्षा संपल्यावर माणूस कुठे जातो? त्याला वाक्य पुरं करायचं होतं, वहीत लिहायला. मी म्हणाले, घरी. त्याने लिहिलं, आणि मग विचारलं, कोणाच्या? भाषेच्या हिशेबाने प्रश्न बरोबर होता, घरी म्हटलं की कोणाच्या हे यायला हवं. मला भाजी आणायची होती, असं सांगून मी निघाले. त्या दिवशी घरात भाजी पुष्कळ होती.

पुढच्या रविवारी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं असतं. तीच एकतीस माणसं, कारण चहा असतो. मीच वाचलं. पान चारवर आले आणि थांबले. म्हणाले, एक दुरुस्ती आहे. ओळ अकरा. ‘कोणाच्याही घरात गुन्हेगार नाही’ याऐवजी ‘एकाच्या घरात आहे’ असे वाचावे. चिटणीसांनी पेन उचललं आणि सवयीने विचारलं, कोणाच्या? मी म्हणाले, माझ्या. भाऊ परदेशात नाही, तुरुंगात आहे. खोटे शिक्के केले म्हणून पाच वर्षं. खरंच केले होते. एवढं बोलून मी खाली बसणार, तर गुडघा अडला, त्यामुळे सगळ्यांकडे बघत उभीच राहिले. मग शिंपीणबाई चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, एकाचे दोन करा. आमचे हे अकरा महिने आत होते, मारामारी. गावाला गेलेत असं मी सांगितलं होतं, ते कुणाला खोटं वाटलं होतं का? मास्तर म्हणाले, मला वाटलं होतं, पण विचारायचं कसं. मग त्यांनी स्वतःचा एक मेहुणा दिला. मागच्या रांगेतून दोन आले. चिटणीस बराच वेळ पेनाशी चाळा करत होते, शेवटी विचारलं, सायकलवाला पुतण्या धरायचा का? मास्तर म्हणाले, धरा. सहा झाले. डॉक्टर टेबलाच्या कडेला बसून ते कोष्टक दुमडत होते. दुमडता दुमडता म्हणाले, माझे वडील बाजारात दात काढायचे. परवाना नव्हता. एकाला फार त्रास झाला, दोन महिने आत गेले. मी त्यांच्यासाठीच रीतसर शिकलो. हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं, की मला पुन्हा सांगा म्हणावं लागलं, नाहीतर लिहिणार काय?

मास्तरांनी फळ्यावर हिशेब मांडला. एकतिसात सात, म्हणजे साडेबावीस टक्के, वर थोडं. मग ते वळून लिफ्टवाल्याला म्हणाले, तुमच्या इमारतीत किती? तो उभा राहिला, विचारात पडला, चुलते धरायचे का असं विचारून घेतलं, आणि म्हणाला, चुलते धरले तर एक. अकरात एक, मास्तरांनी लिहिलं, नऊ टक्के. फारच कमी आहे, असं डॉक्टरांच्याच तोंडून निघून गेलं. लिफ्टवाला ओशाळून म्हणाला, आम्ही अजून नवीन आहोत. त्यावर जो हशा पिकला त्यात सगळ्यांत आधी हसले ते डॉक्टर. ठराव काहीच झाला नाही. डॉक्टर अजूनही कडक शिक्षेच्याच बाजूचे आहेत, फक्त ती रेघ काढून टाकीन म्हणतात. लिफ्टवाल्याला मास्तर आता आठवड्यातून तीन दिवस शिकवतात, संध्याकाळी सातनंतर.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते सांगते. तुझ्या दुसऱ्या पत्रातून तो फॉर्म आला होता, चांगल्या वागणुकीबद्दल लवकर सुटका, सुटल्यावर कुठे राहणार तो पत्ता, नातेवाइकाची संमती आणि गल्लीतल्या दोन साक्षीदारांच्या सह्या. तू लिहिलं होतंस, सही केली नाहीस तरी चालेल. चार महिने तो माझ्या कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली होता. निकालाच्या दिवशी मी रजा टाकली होती हे तुला माहीत आहे. त्या दिवशी मी काय केलं ते माहीत नाही. मी दिवसभर माळा साफ केला, आणि मागच्या बाकावर कुणी नसेल हे मला पक्कं ठाऊक होतं. काल फॉर्म काढला. पहिला साक्षीदार मास्तर. दुसरे डॉक्टर, त्यांनी तो तीनदा वाचला, आणि सही करून म्हणाले, आल्यावर आधी माझ्याकडे पाठवा, तिथे दातांकडे कोण बघतं. संमतीच्या जागी मी सही केली आहे आणि फॉर्म आज सकाळी रजिस्टरने पाठवला आहे. माझा राग गेलेला नाही, हे समजून ये. तो इथेच राहतो, तुलाही त्याच्याबरोबर दोन खोल्यांत भागवावं लागेल. मागची खोली तुझी. गादी शिंपीणबाईने भरून दिली, फक्त उशीचं राहिलंय. तुला कडक लागायची की मऊ, हे काल सबंध दिवस आठवत बसले आणि आठवलं नाही. तेवढं उलट टपाली कळव.

तुझीच,
ताई